घरी जाऊन दुरुस्ती करणारा छोटा व्यवसाय, दुकान नाही, बजेट तुटपुंजं: ऑनलाइन जाहिरातीची सुरुवात कुठून करायची?

पाना_पक्कड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

वॉशिंग मशीन, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह दुरुस्तीचं काम आहे. दोन कारागीर, एक फोन नंबर. दुकान नाही, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊनच काम होतं. बहुतेक कामं ओळखीतून येतात, पण मधले काही दिवस रिकामे जातात. ते भरायचे आहेत.

आत्ताची परिस्थिती अशी:

- गूगलवर प्रोफाइल बनवलेलं आहे, पण व्हेरिफिकेशन पूर्ण नाही. माझ्या फोनवर शोधलं की दिसतं, दुसऱ्यांच्या फोनवर दिसत नाही.
- फेसबुकवर दोन पोस्ट पैसे देऊन बूस्ट केल्या. लाइक भरपूर, कॉल एकही नाही.
- महिन्याचं बजेट साधारण पाच दुरुस्त्यांच्या नफ्याइतकं आहे. त्यापुढे ताणता येणार नाही.

पैसा आधी कुठे घालायचा: गूगल, मेटा (फेसबुक-इन्स्टाग्राम) की वेबसाइट? आणि उपयोग होतोय की नाही हे ओळखायचं कसं?

नकाशा_वाचक

पहिले तीन-चार आठवडे कुठेच घालू नका. तुमच्या धंद्यात माणूस मशीन बंद पडल्यावर शोधतो, हौसेने चाळत बसत नाही. त्यामुळे तो जिथे शोधतो, म्हणजे गूगल सर्च आणि नकाशावर, तिथे तुम्ही नीट दिसणं ही पहिली पायरी. ते फुकट आहे, फक्त मेहनत लागते.

व्हेरिफिकेशन. हे झाल्याशिवाय प्रोफाइल लोकांना दिसत नाही. तुमच्या फोनवर दिसतं कारण तुम्ही त्याच खात्यात लॉगिन आहात. हल्ली बहुतेकांना व्हिडिओ मागतात. तो सलग असावा लागतो, मध्ये कापाकापी चालत नाही आणि किमान ३० सेकंदांचा हवा. त्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात: तुम्ही कुठे आहात (रस्त्याची पाटी, आजूबाजूच्या इमारती), व्यवसाय खरा आहे (हत्यारांची बॅग, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, स्पेअर पार्टचा साठा, नाव छापलेलं बिलबुक) आणि तो तुम्हीच चालवता (नोंदणीचा कागद, किंवा हत्यारं ठेवलेल्या गाडीचं कुलूप स्वतः उघडणं). रस्त्यापासून सुरुवात करा, चालत गाडीपर्यंत या, कुलूप उघडा, बॅग दाखवा, कागदावर कॅमेरा दोन-तीन सेकंद स्थिर धरा. कागदावरचं नाव धूसर दिसलं की व्हिडिओ परत येतो, आणि नाकारण्याचं हेच कारण वारंवार दिसतं. कोणाचा चेहरा किंवा बँकेचे तपशील त्यात येऊ देऊ नका. तपासणीला साधारण ५ कामकाजाचे दिवस धरा.

पत्ता. दुकान नाही म्हणजे तुम्ही 'सर्व्हिस एरिया' प्रकारात मोडता. घरचा पत्ता व्हेरिफिकेशनसाठी द्या, पण लोकांना दाखवू नका. सेवा देता ते भाग वेगळे भरा. २० पर्यंत भरता येतात. पण वीस भाग टाकले म्हणून वीसही ठिकाणी वर दिसाल असं होत नाही. स्थानिक निकाल तीन गोष्टींवर ठरतात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि तुमची ख्याती. अंतर मोजलं जातं ते तुम्ही व्हेरिफाय केलेल्या पत्त्यापासून. म्हणून जवळचे सहा-सात भागच टाका, जिथे गाडी अर्ध्या तासात पोचते.

नाव. बिलावर आहे तेच नाव, एक शब्दही जास्त नको. नावापुढे 'वॉशिंग मशीन दुरुस्ती, उत्तम सेवा, २४ तास' असं चिकटवलेली प्रोफाइल्स वर आलेली दिसतात, त्यामुळे मोह होतो. पण ते नियमाविरुद्ध आहे. स्पर्धक 'बदल सुचवा'वर टिचकी मारून तक्रार करू शकतो आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. निलंबन उठवायचा अर्ज पाठवल्यावर पुरावे चढवायला फक्त ६० मिनिटं मिळतात. म्हणजे तशी वेळ आलीच, तर कागद स्कॅन करून ठेवल्याशिवाय अर्जाला हातही लावू नका.

कॅटेगरी. एक मुख्य आणि ९ पर्यंत जास्तीच्या. मुख्य कॅटेगरीचं वजन सर्वांत जास्त. कॅटेगरीच्या चौकटीत एकेका उपकरणाचं नाव टाइप करून काय सुचवतं ते बघा. तीनही उपकरणांची कामं सारखीच येत असतील तर मुख्य म्हणून सर्वसाधारण घरगुती उपकरण दुरुस्तीची घ्या. निम्म्याहून जास्त काम वॉशिंग मशीनचं असेल तर तीच मुख्य. जे काम करत नाही त्याची कॅटेगरी लावू नका, नुसते वाया जाणारे कॉल येतात.

वेळा. खऱ्या लिहा. शोधणाऱ्याच्या वेळी 'बंद' दिसणारा व्यवसाय मागे पडतो, म्हणून काही जण २४ तास लिहून टाकतात. मग मध्यरात्री फोन वाजतो, उचलला जात नाही आणि एक ताऱ्याचा रिव्ह्यू पदरात पडतो.

फोटो. नेटवरून उचललेले चकाचक फोटो नकोत. गंजलेला ड्रम स्पायडर आणि त्याशेजारी नवा, बर्फाने गच्च झालेली कॉइल आणि साफ केल्यावरची तीच, असे स्वतःच्या कामाचे हवेत. जेपीजी किंवा पीएनजी, निदान ७२० गुणिले ७२० पिक्सेल, ५ एमबीच्या आत. सुरुवातीला पंधरा-वीस, पुढे आठवड्याला दोन पुरे. गिऱ्हाइकाच्या घरातल्या वस्तू, माणसं आणि मशीनचा सिरियल नंबर चौकटीत येणार नाहीत हे बघा.

रिव्ह्यू. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण मागायला संकोच वाटतो. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची थेट लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. मशीन चालू करून दाखवल्यावर, पैसे घेतल्यानंतर, दारातच सांगा: "लिंक पाठवतो, काय बिघाड होता आणि काम कसं झालं ते दोन ओळीत लिहा." त्याच संध्याकाळी लिंक पाठवा. दोन दिवसांनी पाठवलेली लिंक सहसा कोणी उघडत नाही. 'बिघाड लिहा' असं सांगायचं कारण, 'पाणी निघत नव्हतं, पंप बदलला' असं लिहिलेला रिव्ह्यू पुढच्या त्याच अडचणीतल्या माणसाला पटतो. नुसत्या 'छान सेवा'चा तेवढा उपयोग नाही. सवलत देऊन रिव्ह्यू घेणं आणि फक्त खूश दिसणाऱ्यांनाच लिंक पाठवणं, दोन्ही नियमाविरुद्ध आहे. आठवड्याला दोन-तीन सातत्याने येऊ द्या. नातेवाइकांकडून एकाच दिवशी वीस घेतले तर निम्मे गाळले जातात आणि उरलेलेही संशयास्पद वाटतात.

प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या. वाईट रिव्ह्यूला तीन वाक्यं पुरतात: काय झालं, तुम्ही काय केलं किंवा करणार, कुठे संपर्क करायचा. वाद घालू नका. ते उत्तर रागावलेल्या गिऱ्हाइकापेक्षा पुढचा माणूस जास्त लक्ष देऊन वाचतो.

आणि स्वतःच्या फोनवर शोधून आपण कितवे ते बघत बसू नका. इनकॉग्निटोमध्येसुद्धा गूगलला तुमचं ठिकाण साधारण कळतं. वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या चार-पाच ओळखीच्यांना एकच वाक्य शोधून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. प्रोफाइलच्या परफॉर्मन्स विभागात लोकांनी कोणते शब्द टाकून तुम्हाला बघितलं ते आणि किती कॉल झाले ते येतं. खरी मोजणी तिथे आहे.

सर्च_टर्म

प्रोफाइल व्हेरिफाय होऊन आठ-दहा खरे रिव्ह्यू आले की मग पैसा घाला, आणि तो गूगलच्या सर्च जाहिरातीतच. आधी एक हिशेब करा, नाहीतर क्लिकला किती मोजायचे हेच कळणार नाही.

एका दुरुस्तीचा सरासरी नफा १०० धरा (एकक कोणतंही). समजा १०० क्लिकमागे २० कॉल आले आणि २० कॉलमागे ८ कामं झाली. म्हणजे एका क्लिकमागे नफा ८. त्यातला एक तृतीयांश जाहिरातीला द्यायची तयारी असेल तर एका क्लिकला जास्तीत जास्त साधारण २.७ मोजायचे. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे स्वतःचे पहिल्या महिन्यात कळतील. मग गूगल ॲड्समधल्या कीवर्ड प्लॅनरमध्ये तुमच्या भागाचा अंदाजे भाव बघा. तो तुमच्या मर्यादेच्या दुप्पट असेल तर जाहिरात सुरूच करू नका, बजेट रिव्ह्यू आणि जुन्या गिऱ्हाइकांवर लावा.

भाव परवडत असेल तर मांडणी अशी करा.

खातं उघडताना गूगल तुम्हाला सोप्या 'स्मार्ट' वाटेने नेतं. तिथे नियंत्रण फार कमी मिळतं. 'एक्स्पर्ट मोड' शोधा, कॅम्पेनचा प्रकार 'सर्च' घ्या. मग 'डिस्प्ले नेटवर्क' (इतर वेबसाइट आणि ॲपवरच्या जाहिराती) आणि 'सर्च पार्टनर्स' (गूगल सर्चबाहेरच्या शोधाच्या जागा) या दोन्हींवरची खूण काढा. या आधीपासून लावलेल्या असतात आणि छोटं बजेट तिथेच झिरपून जातं.

पुढचं सेटिंग त्याहून महत्त्वाचं. लोकेशनच्या पर्यायांत मूळ निवड असते 'त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस असलेले'. म्हणजे शेकडो किलोमीटर लांब बसलेल्या माणसाने तुमच्या भागाचं नाव टाकून शोधलं तरी जाहिरात दिसते आणि क्लिकचे पैसे जातात. ते बदलून 'प्रेझेन्स', म्हणजे प्रत्यक्ष त्या भागात असलेले किंवा नेहमी येणारे, एवढंच ठेवा.

कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दाखवायची ते, सुरुवातीला दहा-बाराच. अवतरण चिन्हातला 'फ्रेज' आणि चौकोनी कंसातला 'एक्झॅक्ट' वापरा, दूरच्या संबंधाच्या शोधांवरही जाहिरात दाखवणारा 'ब्रॉड' नको. उपकरणाचं नाव अधिक 'दुरुस्ती', 'रिपेअर', 'जवळ', 'घरी येऊन' अशा जोड्या घ्या. लोक एकच गोष्ट दोन-तीन भाषांत आणि लिप्यांत शोधतात, तेही धरा. तिन्ही उपकरणांवर एवढंसं बजेट विभागू नका. ज्यात नफा जास्त आणि पार्ट सहज मिळतो असं एकच उपकरण घ्या.

निगेटिव्ह कीवर्ड (जे शब्द शोधले तर जाहिरात दाखवायची नाही ते) पहिल्या दिवसापासून हवेत: नोकरी, कोर्स, ट्रेनिंग, मॅन्युअल, सर्किट डायग्राम, जुनी विकत घेणे, किंमत, कसे करावे, कस्टमर केअर, टोल फ्री. शेवटचे दोन फार खातात. कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक शोधणारा माणूस घाईत तुमच्या जाहिरातीवर टिचकी मारतो, वॉरंटीबद्दल विचारतो आणि फोन ठेवतो. निगेटिव्हमध्ये एकवचन-अनेकवचन आणि समानार्थी शब्द आपोआप धरले जात नाहीत, 'जॉब' आणि 'जॉब्स' दोन्ही टाकावे लागतात. पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी 'सर्च टर्म्स' रिपोर्ट उघडा. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं ते तिथे दिसतं. कामाचं नाही ते निगेटिव्हमध्ये ढकला. गूगल सगळे शब्द दाखवत नाही, पण दाखवतं तेवढ्याने पुष्कळ भागतं.

जाहिरातीत ३० अक्षरांपर्यंतची १५ शीर्षकं आणि ९० अक्षरांपर्यंतची ४ वर्णनं भरता येतात. पंधरा भरण्याच्या हट्टापायी 'सर्वोत्तम सेवा' छापाची भर घालू नका. काय दुरुस्त करता, कुठे येता, किती वेळात येता, तपासणीचं शुल्क असतं का आणि काम दिल्यावर ते वजा होतं का, पार्टवर किती दिवसांची हमी, हे लिहा. कंपन्यांची नावं सांभाळून. तुम्ही अधिकृत सर्व्हिस सेंटर आहात असा भास झाला तर तो दिशाभूल करण्याच्या नियमात बसतो आणि अख्खं खातं बंद होऊ शकतं. ट्रेडमार्कचा वेगळा नियम आहेच.

कॉल ॲसेट (जाहिरातीतच फोन नंबर दाखवणारी जोड) लावा आणि वेळापत्रकात तो फोन उचलता येईल तेवढ्याच वेळेत ठेवा. कॉलची नोंद 'कन्व्हर्जन' (जाहिरातीतून मिळालेला उपयोगी निकाल) म्हणून करताना मूळ मर्यादा ६० सेकंदांची असते, त्याहून छोटा कॉल मोजला जात नाही, तुमचे कॉल छोटे असतील तर ती कमी करा.

बिडिंगला (क्लिकचा भाव ठरवण्याची पद्धत) सुरुवातीला 'मॅक्सिमाइझ क्लिक्स' ठेवा आणि वर काढलेली मर्यादा कमाल भाव म्हणून लिहा. ती चौकट रिकामी सोडली की एखादा क्लिक अर्ध्या दिवसाचं बजेट घेऊन जातो. 'मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स'कडे वीस-तीस खरे कॉल नोंदले गेल्यावरच वळा, त्याआधी त्या यंत्रणेकडे शिकायला काहीच नसतं.

रोजचं बजेट म्हणजे महिन्याचा आकडा भागिले ३०.४ (महिन्यातले सरासरी दिवस). गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्यात ३०.४ पटीच्या वर आकारत नाही. तेव्हा एका दिवशी दुप्पट गेलेले बघून कॅम्पेन बंद करू नका. 'रेकमेंडेशन्स'मधलं 'ऑटो अप्लाय' (गूगलच्या सूचना आपोआप लागू होणं) मात्र बंद करा, नाहीतर तुमच्या नकळत कीवर्ड ब्रॉड होऊन बसतात.

पाना_पक्कड

मनापासून आभार, दोघांचेही. तीन गोष्टी अजून विचारतो.

१. नातेवाईक म्हणतात की आता सगळं रीलवर चालतं. मग मेटा अगदीच सोडून द्यायचं का?
२. कारागीर मशीन उघडून बसलेला असताना फोन उचलता येत नाही. बरेच कॉल असेच सुटतात.
३. एका एजन्सीने महिन्याच्या ठरावीक रकमेत 'पहिल्या पानावर पहिला नंबर' आणि वेबसाइट देऊ केली आहे. घ्यावी का?

कॅमेरा_स्टँड

मेटा सोडू नका, पण त्याच्याकडून बंद पडलेल्या मशीनचं काम मागू नका. ज्याचं मशीन आज नीट चालू आहे त्याला 'दुरुस्ती करून मिळेल' दाखवलं तर तो पुढे सरकतो, आणि ते बरोबरच आहे. मेटावर विकायचं ते असं काम, ज्याची गरज आहे पण माणसाच्या डोक्यात नाही: ड्रमची खोल सफाई, कंडेन्सर कॉइलवरची धूळ काढणं, दाराचं गॅस्केट बदलणं, इनलेट होज तपासणं. हे दिवस तुमच्या सोयीने ठरवता येतं, म्हणून रिकामे दिवस भरायला तातडीच्या कामापेक्षा हेच चांगलं. इथे मी वरच्या मंडळींपेक्षा थोडा वेगळा विचार करतो. पूर्ण बजेट सर्चवर न लावता एक चतुर्थांश इथे ठेवा.

बूस्टमधून लाइक आले कारण तुम्ही मागितले होते तेच. बूस्ट करताना उद्दिष्ट बदललं नाही तर यंत्रणा लाइक करणारी माणसं शोधते, आणि ती तिला सहज सापडतात. ॲड्स मॅनेजरमध्ये जा, एंगेजमेंट उद्दिष्ट घ्या आणि त्यात व्हॉट्सॲपवर संभाषण सुरू होणं हा पर्याय निवडा. नकाशावर पिन टोचून त्रिज्या आखा, जिथवर गाडी नेणं परवडतं तिथवरच. वय आणि आवडीनिवडींच्या चाळण्या लावू नका, छोट्या भागात त्याने माणसंच उरत नाहीत. प्लेसमेंटमधून (जाहिरात कुठे दिसते त्या यादीतून) 'ऑडियन्स नेटवर्क', म्हणजे बाहेरची ॲप्स, काढा. गेम खेळताना चुकून झालेले क्लिक तिथे फार.

ॲड सेटला (कॅम्पेनमधला एकाच प्रेक्षकांसाठीचा जाहिरातींचा गट) स्थिरावायला आठवड्यात साधारण ५० निकाल, म्हणजे इथे संभाषणं, लागतात. तुमच्या बजेटात तेवढे येणार नाहीत, म्हणून एक कॅम्पेन, एकच ॲड सेट, त्यात दोन किंवा तीन व्हिडिओ. चार ॲड सेट केले की चारही उपाशी. आणि रोज बजेट, मजकूर, त्रिज्या हलवत राहिलात तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. निदान सात दिवस हात लावू नका.

व्हिडिओ उभा, ९ः१६, १०८० गुणिले १९२०. एक नमुना: फ्रंट लोड मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडताना जवळून. खाली पसरट ताट. फिल्टर हळूहळू उलटा फिरतो, काळपट पाणी ताटात येतं, मग फिल्टर बाहेर आणि त्यात अडकलेलं नाणं, केसांचा गुंता, बटण. वर अक्षरांत: 'पाणी निघत नसेल तर आधी हे बघा'. पहिल्या दोन सेकंदांत बिघाड किंवा घाण दिसलीच पाहिजे. तुमचा लोगो आणि नमस्कार सुरुवातीला आला की बघणारा पुढे गेला. एकूण १५ ते २५ सेकंद. बरेच जण आवाज बंद करून बघतात, म्हणून सगळं अक्षरांत हवं, आणि ती अक्षरं खालच्या पट्टीत नकोत, कारण तिथे ॲपचा मजकूर त्यांच्यावर येतो. शूट करण्याआधी मशीनचा प्लग काढलेला दिसू द्या. बघून कोणीतरी स्वतः करायला जाणार असतं.

असं फुकट शिकवलं तर काम जाईल ही भीती सोडा. फिल्टर साफ करून ज्याचं भागलं, त्याच्याकडून तपासणीपलीकडे फार काही मिळणार नव्हतं. ज्याचं भागलं नाही त्याचा पंप गेलेला असतो, आणि तो तुम्हालाच फोन करतो.

लगेच_उत्तर

दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण सुटलेल्या कॉलमुळे वरची सगळी मेहनत वाया जाते. बंद मशीनवाला वाट बघत नाही, यादीतला पुढचा नंबर लावतो.

व्हॉट्सॲप बिझनेस ॲप घ्या, तोच नंबर त्यावर हलवता येतो. आधी चॅटचा बॅकअप घ्या. सोबत चार जोड उपकरणं चालतात, म्हणजे घरी बसलेलं कोणीही लॅपटॉपवरून उत्तर देऊ शकतं. फोनमध्ये कॉल कापताना झटपट मेसेज पाठवायची सोय असते, तिथे आधीच लिहून ठेवा: "सध्या कामावर आहे. मशीनचा फोटो आणि पत्ता याच नंबरवर व्हॉट्सॲप करा, ३० मिनिटांत फोन करतो." आणि मग ३० मिनिटांत खरंच करा.

'ग्रीटिंग मेसेज' पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस काही बोलणं न झालेल्याला आपोआप जातो. त्यात आभाराचं भाषण नको, कामाचे प्रश्न विचारा:

"नमस्कार. लवकर येता यावं म्हणून एवढं पाठवा. १) मॉडेलच्या स्टिकरचा फोटो (वॉशिंग मशीनचा दाराच्या कडेला किंवा मागे, फ्रिजचा आतल्या भिंतीवर) २) स्क्रीनवर एरर कोड दिसत असेल तर त्याचा फोटो ३) पत्ता आणि सोयीची वेळ."

स्टिकरचा फोटो मिळाला की पार्ट सोबत नेता येतो आणि दुसरी फेरी वाचते. जाहिरातीचा खर्च कमी करण्याइतकाच हाही फायदा आहे.

लेबलं लावा: नवी चौकशी, वेळ ठरली, पार्टची वाट, काम झालं, रिव्ह्यू मागितला. वारंवार लागणारी उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवा, स्लॅश टाइप केलं की येतात.

जुनी गिऱ्हाइकं हा तुमचा सर्वांत स्वस्त स्रोत. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून काम संपल्यावर "हमीसाठी नंबर सेव्ह करून ठेवा" असं सांगा, आणि पुढे आठवण पाठवली तर चालेल का तेही विचारून घ्या. वर्षाने एकदा सफाईची आठवण, एवढंच. दर सणाला शुभेच्छा पाठवणारा नंबर लोक ब्लॉक करतात. हजारो नंबरांना मेसेज पाठवून देणारी सॉफ्टवेअरं विकली जातात त्यांच्या नादी लागू नका. नंबरवर बंदी आली तर गिऱ्हाइकांशी असलेला एकुलता धागा तुटेल.

मोजमापासाठी एक वही किंवा शीट पुरते. रकाने: तारीख, भाग, उपकरण, 'कुठून कळलं', काम झालं की नाही, नफा. 'कुठून कळलं' हे फोनवर पहिल्याच मिनिटात विचारा, घरी पोचेपर्यंत माणूस विसरतो. 'गूगल' म्हणाला तर 'नकाशावर की जाहिरातीत?' हे त्याला सांगता येत नाही, ते दोन रिपोर्टमधून ताडून बघा. मेटाच्या आणि वेबसाइटवरच्या व्हॉट्सॲप लिंकमध्ये आधीच भरलेला वेगवेगळा मजकूर ठेवा, 'ड्रम सफाईबद्दल विचारायचं आहे' आणि 'दुरुस्तीबद्दल विचारायचं आहे'. मेसेज आला की कुठून आला ते न विचारता कळतं.

नकाशा_वाचक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पहिल्या नंबरची हमी गूगलखेरीज कोणाच्या हातात नाही, आणि गूगल ती कोणाला देत नाही. पैसे देऊन नकाशावरचा नैसर्गिक क्रम विकत मिळत नाही. मदत घ्यायचीच असेल तर काम ठरवून घ्या (कॅम्पेनची मांडणी, एका पानाची वेबसाइट) आणि सगळी खाती तुमच्या ईमेलवर उघडा. गूगल प्रोफाइलवर 'प्रायमरी ओनर' तुम्ही, ते 'मॅनेजर'. ॲड्स खातं तुमचं, कार्ड तुमचं, त्यांना फक्त प्रवेश. डोमेनची नोंदणी तुमच्या नावावर. मेटाचं बिझनेस खातंही तसंच. हे आधी केलं नाही तर फारकत घेताना रिव्ह्यूंसकट प्रोफाइल दुसऱ्याच्या ताब्यात राहतं. मग मालकी मागायची विनंती पाठवा, समोरच्याला उत्तरासाठी ३ दिवस असतात, त्याने नकार दिला की अपील, असा फेरा.

वेबसाइट एका पानाचीच, आणि जाहिरात सुरू करण्याआधी. वर नाव आणि बोट लावताच कॉल लागेल असा नंबर, तो चित्रात नाही तर मजकुरात. खाली तीन उपकरणांचे नेहमीचे बिघाड, कुठले भाग, तपासणीचे नियम, हमी, चार-पाच फोटो प्रत्येकी २०० केबीच्या आत. नाव आणि नंबर प्रोफाइलवर आहेत अगदी तसेच. प्रोफाइलमधून वेबसाइटवर येणाऱ्या दुव्याला यूटीएम खुणा (माणूस कुठून आला ते सांगणारा दुव्याच्या शेवटचा मजकूर) जोडा म्हणजे ॲनालिटिक्समध्ये, वेबसाइटवरच्या भेटींच्या हिशेबात, ते लोक वेगळे दिसतात. प्रत्येक वस्तीच्या नावाने तेच पान तीस वेळा छापून देणाऱ्याला नको म्हणा. गूगलच्या स्पॅम धोरणात त्याला 'डोअरवे' म्हणतात आणि त्यामुळे मुख्य पानही खाली जाऊ शकतं.

एक राहिलं. सध्याच्या प्रोफाइलवर नाव, पत्ता किंवा कॅटेगरी चुकीची असेल तर व्हेरिफिकेशनच्या आधीच दुरुस्त करा. नंतर नाव किंवा पत्ता बदलला की गूगल पुन्हा व्हिडिओ मागू शकतं आणि तोवर केलेले बदल अडकून राहतात. त्यामुळे असा बदल कामाचा ओघ कमी असेल तेव्हाच करा, आणि व्हिडिओत दाखवायचं बिलबुक व नोंदणीचा कागद त्याच नव्या नावाचा असू द्या.